डांबरगोळीचा बाष्पदाब कसा मोजतात?

इथं बेंबळीत काय किंवा आणखी कुठं काय, ठेवणीतल्या कपड्यांच्या पेटीत डांबरगोळ्या टाकायची पद्धत आपल्या ओळखीची आहे. वर्षभरात गोळी वाटाण्याएवढी होते, पण पेटीत कुठं ओल दिसत नाही. शाळेत आपण याला संप्लवन म्हणायला शिकलो: स्थायू न वितळता थेट वायू होतो. आज पुढचा प्रश्न घेऊ. या वायूचा दाब किती, आणि तो मोजायचा कसा?

गोळी उघड्यावर ठेवून सोनाराच्या काट्यावर रोज वजन केलं, तर बाष्पदाब कळेल का? नाही. पंख्याखाली ती लवकर झिजते, कोपऱ्यात सावकाश. तो झिजण्याचा वेग झाला. बंद जागेत, ठरावीक तापमानाला, गोळीतून सुटणारे रेणू आणि तिच्यावर परत बसणारे रेणू सारखे झाले, की वाफेचा जो दाब असतो तो बाष्पदाब. गोळी लहान की मोठी, यानं त्यात फरक पडत नाही.

काही डांबरगोळ्या पॅराडायक्लोरोबेंझीनच्या असतात, काही नॅप्थलीनच्या. आपण नॅप्थलीन घेऊ. 25 अंश सेल्सियसला त्याचा बाष्पदाब साधारण 11 पास्कल. हवेचा दाब लाखभर पास्कल. इतका लहान दाब साध्या दाबमापकावर दिसतच नाही. म्हणून आपण वाफ तोलतो.

एका नळीत नॅप्थलीनचा चुरा भरायचा, नळी 25 अंशांच्या पाण्यात ठेवायची आणि कोरडा नायट्रोजन अगदी सावकाश सोडायचा. जाताना तो वाफेनं तृप्त होतो. समजा 100 लिटर वायू गेला आणि चुऱ्याचं वजन 57 मिलिग्रॅमनं घटलं. मोलर वस्तुमान 128, म्हणजे 0.000445 मोल. आदर्श वायूच्या समीकरणात घाला: 0.000445 × 8.314 × 298 ÷ 0.1. उत्तर 11 पास्कल.

मग वायूचा वेग निम्मा करून पुन्हा मोजायचं. तेच उत्तर आलं, तरच वायू खरोखर तृप्त झाला होता. तापमानही सांभाळायचं, कारण 1 अंशाच्या फरकानं उत्तर सुमारे 10 टक्क्यांनी बदलतं. दाब याहून बराच लहान असेल, तर डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन यांनी 1909 मध्ये मांडलेली रीत वापरतात: निर्वातात ठेवलेल्या डबीच्या बारीक छिद्रातून किती पदार्थ निसटला, ते तोलायचं.

आता पेटीकडे परत येऊ. 200 लिटरच्या घट्ट पेटीत 25 अंशांना जेमतेम 0.11 ग्रॅम वाफ मावते. तरी गोळी संपते, कारण कपडे वाफ शोषतात आणि फटीतून ती बाहेर जाते. मे महिन्यात पत्र्याखालची पेटी 40 अंशांवर गेली, की बाष्पदाब चौपट होतो.

ही शोषलेली वाफ तान्ह्या बाळाला घातक ठरू शकते. जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीननं फुटतात आणि तीव्र कावीळ होते. कमतरता आहे हे घरच्यांना बहुधा ठाऊकच नसतं. म्हणून दुपटी, झबली, टोपडी यांच्या पेटीत डांबरगोळी टाकायचीच नाही. आजीनं जपून ठेवलेलं दुपटं कितीही मायेचं असलं, तरी त्याला तो वास येत असेल तर बाळाला गुंडाळू नका.