रस्ता वळला की पेठ वळते

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातला व्यापार किती जुना? थेट सातवाहनांपर्यंत मागे जाता येतं. वैशाखरे गावावरून नाणेघाटाची चढण सुरू होते. माथ्यावर एक भलाथोरला दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या तांड्यांकडून घेतलेली जकात त्यात पडायची, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शेजारच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. कल्याण बंदरात उतरलेला माल जुन्नरला चढायचा तो याच वाटेने.

तेव्हापासून शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतल्या पेठांचं नशीब एकाच गोष्टीने ठरत आलं आहे : रस्ता कुठून गेला.

स्टेशन आसनगावला, गाव शहापूरला

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली. रूळ वाशिंदला आले १८५५ मध्ये, आसनगावला १८६० मध्ये, कसाऱ्याला १८६१ मध्ये. पुढे घाट फोडून इगतपुरी गाठायला १८६५ उजाडलं. या सगळ्यात शहापूर गाव रुळांपासून तीनेक किलोमीटर लांब राहिलं.

त्याच काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात रेल्वेने टाळलेली कितीतरी गावं ओस पडली. काही ठिकाणी तर लोकांनी लाकडी घरं आणि दुकानं ओंडक्यांवर चढवून, बैल-घोडे जुंपून रुळाकाठी ओढत नेली. शहापूर जागचं हललं नाही. तहसील कचेरी होती, कोर्ट होतं, पुढे एसटीचं आगार आलं, शाळा-कॉलेजं आली. सातबाऱ्याच्या कामाला आलेला माणूस जाताना खत, बियाणं, चपला आणि पोरांसाठी खाऊ घेऊन जाणार, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक.

मधल्या तीन किलोमीटरांनी आपला वेगळा धंदा उभा केला. संध्याकाळी मुंबईची लोकल आसनगावला लागली की जिन्यावर एकच लोंढा येतो. एका हातात डबा, दुसऱ्या हातात दादरहून घेतलेली भाजीची पिशवी, आणि नजर रिक्षांच्या रांगेवर. “शहापूर, शहापूर! एक सीट, एक सीट!” चौथा माणूस बसला की रिक्षा सुटते. पाच मिनिटांत लोंढा ओसरतो आणि चहाच्या टपरीवाल्याला पुढच्या लोकलपर्यंत कप विसळायला उसंत मिळते.

मुरबाडला तर आजही रेल्वे नाही. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. मुरबाडचं सगळं जगणं मात्र कल्याण-नगर रस्त्याशी आणि त्यावरच्या एसटीशी बांधलेलं. नाणेघाटाची पायवाट मागे पडली आणि माळशेज घाटाच्या गाडीरस्त्याने मुरबाडला पुन्हा वाटेवर आणलं. पावसाळ्यात धबधब्यांकडे निघालेली मुंबई-ठाण्याची मंडळी इथूनच जातात. त्या शनिवार-रविवारी वडापावच्या कढईखालचा जाळ बंद होत नाही.

मान वर केली की इतिहास

शहापूरच्या पाठीशी माहुलीचा किल्ला आहे, ठाणे जिल्ह्यातला सर्वांत उंच. माहुली, भंडारगड आणि पळसगड असं हे तिघांचं कुटुंब. १६३६ साली शहाजीराजांना याच किल्ल्यावर वेढा पडला आणि इथेच निजामशाहीचा शेवट झाला. एक अख्खी सल्तनत जिथे संपली तिथल्या पायथ्याशी आज पोरं सुट्टीच्या दिवशी ट्रेकर्सना पोहे आणि लिंबू सरबत विकतात. इतक्या महत्त्वाच्या घटनेची खूण शहापूरच्या पेठेत ठळकपणे दिसायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मुंबईचा नळ आणि पाड्यावरचा हंडा

तानसा तलाव १८९२ चा. भातसा धरण त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी झालं, आणि आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला साधारण निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे. दोन्ही शहापूर तालुक्यात. सकाळी दादरला कुणी नळ सोडतो तेव्हा शहापूरचं पाणी त्याच्या बादलीत पडतं. आणि याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाण्याच्या पायी बाई दिवस घालवते तेव्हा तिची भाजीची पाटी बाजारात पोचत नाही. बाजार रोडावतो त्यामागे हे कारणही आहे आणि ते माणसांनी दूर करण्याजोगं आहे.

शेवळं घेताना काकडं विसरू नका

इथल्या बाजाराचं खरं वैभव बघायचं असेल तर मृगाच्या पहिल्या सरींनंतर या. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी बायका पहाटे रानात जातात आणि उन्हं वर यायच्या आत रस्त्याच्या कडेला फडकं पसरून बसतात. शेवळं, टाकळा, कुरडू, भारंगी, कवळा, बांबूचे कोवळे कोंब; पुढे श्रावणाच्या आगेमागे करटोली आणि अळंबी. मे महिन्यात त्याच जागी करवंदं आणि जांभळं असतात, पानांच्या द्रोणात. तराजू क्वचितच. माल वाट्यावर किंवा जुडीवर.

“मावशी, शेवळं कशी दिली?”

“घ्या ना ताई, आत्ताच काढलीत. पण ही काकडं पण घ्या बरोबर, नायतर घसा खाजंल.”

यात तिच्या धंद्याची युक्ती नाही, पूर्ण शास्त्र आहे. शेवळ सुरणाच्या जातीतलं. जमिनीतून वर येणारा तो जांभळट, लांबुडका कोंब नुसता शिजवला तर घशाला खाज सुटते. काकड नावाची छोटी, हिरवी, आंबट रानफळं त्याच सुमाराला येतात आणि ती खाज मारतात. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी विकायला असतात. ठाण्या-मुंबईच्या कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत शेवळांचं कालवण म्हणजे वर्षातून एकदाच येणारा सण. तो सण शहापूर-मुरबाडच्या रानावर चालतो. कुठलं पान कुठल्या पावसानंतर खायचं, ही विद्या या बायकांकडे आहे आणि ती कुठल्याही दुकानात भरून ठेवता येत नाही.

तिकडे सिअ‍ॅटलमध्ये कांदा महागला

आठवडे बाजार म्हणजे मागासलेपणा असं समजणाऱ्यांसाठी दोन अमेरिकन गोष्टी.

पहिली १९०७ ची. सिअ‍ॅटल शहरात वर्षभरात कांद्याचा भाव कितीतरी पटींनी चढला. शेतकऱ्याला मिळेना, गिऱ्हाइकाला परवडेना, मधल्या दलालांची चांदी. मग नगर परिषदेने ठरवलं की शेतकऱ्यांनी गाड्या घेऊन शहरात यावं आणि थेट विकावं. १७ ऑगस्ट १९०७ रोजी पाइक प्लेस मार्केट सुरू झालं. पुढे ते पाडून टोलेजंग इमारती बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा १९७१ मध्ये शहरवासीयांनी मतदान करून बाजार वाचवला. आज सिअ‍ॅटलला जाणारा पाहुणा तिथे गेल्याशिवाय परतत नाही.

दुसरी न्यूयॉर्कची, १९७६ ची. शहर कर्जात बुडालेलं, युनियन स्क्वेअरची रया गेलेली. तिथे मोजक्या शेतकऱ्यांना टेम्पो घेऊन बोलावलं गेलं आणि ग्रीनमार्केट सुरू झालं. त्या बाजाराच्या आधाराने चौकात पुन्हा माणसं आली.

आणि उलटी गोष्टही ऐका. व्हिक्टर ग्रुएन नावाच्या वास्तुकाराने १९५६ साली मिनेसोटात साउथडेल नावाचा पहिला पूर्ण बंदिस्त मॉल बांधला. माणूस व्हिएन्नाचा. तिथल्यासारखी गजबज अमेरिकेच्या उपनगरांत छपराखाली आणायचं त्याचं स्वप्न होतं. झालं असं की गिऱ्हाईक मोटारीने मॉलला गेलं आणि जुन्या पेठा रिकाम्या झाल्या. म्हातारपणी त्याने मॉलशी आपलं नातं जाहीरपणे तोडलं. रिकामी पेठ कशी दिसते ते डेट्रॉइटने दाखवलं. तिथे १९५० साली साडेअठरा लाख माणसं होती, २०२० मध्ये साडेसहा लाखांच्या आत आली. तिथलं हडसन्स हे अवाढव्य दुकान १९८३ मध्ये बंद पडलं आणि १९९८ मध्ये सुरुंगाने उडवलं. गेल्या काही वर्षांत मात्र डेट्रॉइटच्या मध्यभागी पुन्हा दिवे लागू लागले आहेत आणि लोकसंख्येची घसरणही थांबली आहे. पेठ मेली असं इतक्या लवकर म्हणू नये.

आपल्याकडे कल्याणला मॉल झाले, मोबाईलवर साडी येते. मुरबाडचा कापडवाला त्याची झळ सोसतो आहे. त्याला तारणारी गोष्ट म्हणजे उधारीची वही आणि लग्नाचा बस्ता. नवरीकडची पंधरा माणसं चटईवर बसून चार तास साड्या उलगडायला लावतात, मधे दोनदा चहा होतो, शेवटी आत्याबाईंना रंग पसंत पडत नाही. हे कुठल्याही अ‍ॅपवर होणार नाही.

मुरबाडचं २०१६

एकाच वर्षात या तालुक्याने दोनदा देशभर नाव कमावलं. ८ मार्च २०१६ रोजी फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. शिक्षक योगेंद्र बांगर यांची ही कल्पना. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरातल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाठीवर दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. अंगठ्याच्या जागी सही आली.

नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबरला धसई गाव राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. धसई ही आजूबाजूच्या कितीतरी गावपाड्यांची पेठ. भुसार दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड घासायची यंत्रं आली, वार्ताहर आले, कॅमेरे आले. पुढे नोटा मुबलक झाल्या, नेटवर्कने दगा द्यायला सुरुवात केली आणि रोकड परत आली. तरी त्या वर्षी धसईच्या दुकानदारांनी दाखवलेली तयारी मोठी होती. मोठ्या शहरांतले व्यापारी कुरकुरत असताना खेड्यातल्या पेठेने नवी रीत काही आठवड्यांत शिकून घेतली.

सातांतले दोन

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्यात सात तालुके उरले. त्यांत क्षेत्रफळाने सर्वांत मोठा शहापूर. थोड्याच काळात शहापूर आणि मुरबाड या दोन्ही ग्रामपंचायतींच्या नगर पंचायती झाल्या. पाटी बदलली, अपेक्षाही वाढल्या. रस्त्याकडेला फडकं पसरणाऱ्या बाईसाठी ओटा, सावली, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह, एवढं झालं तरी या दोन पेठांचा चेहरा बदलेल. सिअ‍ॅटलच्या नगर परिषदेने १९०७ मध्ये शेतकऱ्याला शहरात हक्काची जागा दिली होती, तिथूनच सगळं सुरू झालं.

आता समृद्धी

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. कसारा घाटाची वळणं टाळून जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सुसाट निघते. याच कामावर ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सरलांबे इथे यंत्र कोसळून २० कामगार गेले. या रस्त्याची किंमत सांगताना त्यांना विसरून चालणार नाही.

जुन्या मुंबई-नाशिक रस्त्यावरचे ढाबे, पेरूच्या पाट्या, घाटातली भाजलेली कणसं यांचं काय होणार? अमेरिकेत ‘रूट ६६’ या लाडक्या रस्त्याला समांतर द्रुतगती मार्ग झाले, १९८५ मध्ये त्याचा अधिकृत दर्जाच गेला आणि काठावरची कित्येक गावं झोपली. मग स्थानिक लोकांनीच जुन्या खाणावळी, पाट्या, पेट्रोल पंप जपून प्रवाशांना परत बोलावलं. कसारा-खर्डी पट्ट्याला हे जमेल. घाटातलं कणीस ताशी १२० च्या वेगाने खाता येत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला

२ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी गरिबांसाठी धान्य कोठार चालवलं होतं, आणि बेचाळीसच्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले. दरवर्षी त्या दिवशी मुरबाड-कर्जतकडची माणसं सिद्धगडावर जमतात.

त्यानंतर वेध लागतात पौष पौर्णिमेचे. म्हसा गावची खांबलिंगेश्वराची जत्रा म्हणजे दोन्ही तालुक्यांची वर्षातली सर्वांत मोठी पेठ. बैलांचा बाजार, तमाशाचे फड, पाळणे, भांडी, कोयते, सुपं, टोपल्या, घोंगड्या. ट्रॅक्टर आल्यावर नांगराच्या बैलाची मागणी घटली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली तेव्हा बैलांचे व्यापारी आणखी काळजीत पडले. डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला आणि चपळ खोंडाभोवती पुन्हा गर्दी दिसू लागली. सौदा बघण्यासारखा असतो. दात मोजायचे, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून खूर बघायचे, आणि मग दोघांनी रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवायचा. बघ्यांना आकडा कळत नाही.

जायचं असेल तर कल्याणहून मुरबाडची एसटी पकडा आणि तिथून पुढे म्हसा. सकाळी लवकर निघा, दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. घोंगडी घेणार असाल तर आधी उजेडासमोर धरून वीण बघा, मग मधोमध खोलगा करून त्यात तांब्याभर पाणी ओता. लगेच खाली गळलं तर पुढच्या पालावर जा.