'धप्प' झालं... आता?

रविवारची रात्र, अकराचा सुमार. पोर्टेबल हार्ड डिस्कवर ताईच्या लग्नाचे सगळे फोटो, कॉपी अर्ध्यावर आलेली, आणि माझा पाय नेमका वायरीत अडकला. धप्प! उचलून पुन्हा जोडली तर नेहमीची 'सूंऽऽ' गायब. आतून फक्त बारीक 'बीप... बीप...'

डेटा काढून देणाऱ्याने ती कानाला लावली आणि म्हणाला, "मोटर जाम."

एवढ्याशा डबीत मोटर? अर्थात! तीच तर आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरवते. पूर्वी तिच्या दांड्याभोवती पोलादी छर्रे असायचे. डिस्क आपटली की सगळा मार छर्रा टेकतो त्या टिंबाएवढ्या जागेवर. तिथे खळगा पडायचा आणि मग कायमची खरखर. २००० नंतरच्या काही वर्षांत छर्रे गेले, तेल आलं. दांडा आणि त्याच्या भोवतीची नळी यांच्यात काही मायक्रॉनची फट असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. त्यात तेल, आणि माशाच्या काट्यासारख्या कोरलेल्या खाचा. मोटर फिरली की या खाचा तेलाला मध्ये रेटतात, दाब तयार होतो आणि धातूला धातू लागतच नाही. पावसात एक्स्प्रेसवेवर गाडीचं चाक पाण्यावर तरंगतं ना, तसंच. फक्त तिथे जीव धोक्यात येतो, इथे वाचतो!

धक्का बसला की हे तेल तो मोठ्या जागेवर पसरवतं आणि पिळून सरकताना बराचसा जिरवतंही. छर्र्यांना हे कुठलं जमायला? पण मार फारच जोराचा असेल तर तेलाचा थर फाटतो, धातू धातूला भिडतो. एवढ्या अरुंद फटीत एक ओरखडाही पुरतो.

किती जोराचा? सोपा हिशेब. ७५ सेंटीमीटर उंच टेबलावरून पडलेली वस्तू फरशीवर १ मिलिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट. गोधडीवर १ सेंटीमीटरमध्ये थांबली तर फक्त ७५ पट! लॅपटॉपच्या डिस्क चालू असताना साधारण ३०० ते ४०० पट सोसतात, बंद असताना त्याच्या दुपटीहून जास्त, कारण तेव्हा नाजूक हेड बाजूला पार्क झालेलं असतं. चालू डिस्क आपटली की बहुतेकदा आधी तेच जातं, म्हणून कॉपी संपेपर्यंत तिला हात लावू नका.

आणि हो, जाम डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिलाच तर हसून सोडून द्या. थंडीने तेल आणखी घट्ट होतं, वर आत दव जमतं ते वेगळंच.

माझ्या तबकड्या शेवटी धूळमुक्त खोलीत दुसऱ्या मोटरवर चढल्या. फोटो मिळाले. बिल मात्र अजून ताईला दाखवलेलं नाही.