बुरशीवर जगणारे फुलकिडे : नव्या जातीची नोंद कशी होते?

फुलकिडे म्हटले की मिरचीवरील चुरडामुरडा आणि कांद्याच्या पातीवरील पांढुरके चट्टे शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. या इवल्याशा कीटकाने होणारे नुकसान ग्रामीण महाराष्ट्राला नव्याने सांगावयास नको. तथापि, जगात आजवर नोंदल्या गेलेल्या फुलकिड्यांच्या ६,००० हून अधिक जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती पिकांच्या वाटेला जात नाहीत; त्या बुरशीवर उपजीविका करतात. ही गोष्ट फारशी परिचित नाही.

वाळक्या पानांतील जग

झाडावरच लोंबणारी सुकी पाने, वाळलेल्या फांद्या आणि पालापाचोळा ही या कीटकांची वसतिस्थाने होत. तेथे वाढणारी बुरशी हेच त्यांचे अन्न. त्यांतील काही जाती बुरशीच्या तंतूंतील रस शोषतात, तर काही जाती बुरशीचे बीजाणू अखंड गिळतात. बीजाणू गिळणाऱ्यांच्या तोंडातील शोषनलिका त्यामुळे इतरांपेक्षा रुंद असते. पाला कुजून त्याची माती होण्यात बुरशीचा वाटा मोठा आहे. त्या साखळीतील हा एक लहानसा दुवा होय.

भारतात फुलकिड्यांच्या ७०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. या अभ्यासाचा पाया विस्तारण्यात चेन्नईच्या लॉयोला महाविद्यालयातील प्रा. टी. एन. अनंतकृष्णन यांचे कार्य मोलाचे ठरले.

नामकरणाची रीत

नवी जाती शोधणे म्हणजे अनोळखी कीटक सापडणे एवढेच नव्हे. त्याची सुरुवात अगदी साध्या कृतीने होते. सुकी फांदी पांढऱ्या तबकावर हलकेच झटकतात, खाली पडलेले कीटक ओल्या कुंचल्याने उचलून मद्यार्काच्या कुपीत ठेवतात. स्थळ, दिनांक, झाड आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी कुपीत घालतात. ही चिठ्ठी नसेल तर नमुन्याचे शास्त्रीय मोल बहुतांशी नाहीसे होते.

प्रयोगशाळेत कीटकाचे शरीर पारदर्शक करून, पंख व शृंगिका पसरून, ते काचपट्टीवर कायमचे बसविले जाते. मग सूक्ष्मदर्शकाखाली शृंगिकेचे खंड, डोक्यावरील व वक्षावरील रोम आणि शरीराच्या टोकाची नळी यांची मोजमापे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, घेतली जातात. पूर्वी वर्णिलेल्या जवळच्या सर्व जातींशी ती ताडून पाहावी लागतात. येथे घाई धोक्याची असते. बीजाणुभक्षक फुलकिड्यांत एकाच जातीचे थोराड नर आणि किरकोळ नर इतके वेगळे दिसतात की, त्यांना पूर्वी दोन निराळ्या जाती समजून निराळी नावे दिल्याची उदाहरणे आहेत. आता जनुकीय तपासणीची जोडही या कामी मिळते.

वेगळेपण सिद्ध झाल्यावर एक नमुना प्रमाण म्हणून निवडतात. त्यास होलोटाइप म्हणतात. पुढे नावाविषयी शंका निघाल्यास निवाडा त्या नमुन्यावरून होतो. नाव द्विपदी असते. कार्ल लिनियस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांची शास्त्रीय नावे ग्राह्य धरली जातात. शोधकाने स्वतःचेच नाव देण्याची प्रथा नाही. वर्णन रीतसर प्रसिद्ध झाले म्हणजेच ती जाती विज्ञानाच्या दप्तरी दाखल होते.

ओळखीचे महत्त्व

थ्रिप्स पार्विस्पायनस ही परदेशातून आलेली जाती भारतात प्रथम पपईवर आढळल्याची नोंद २०१५ मध्ये झाली. २०२१ मध्ये तिने आंध्र प्रदेश व तेलंगणातील मिरचीची मोठी हानी केली. मिरचीवरील नेहमीचे फुलकिडे फिकट पिवळे असून कोवळ्या पानांवर राहतात. ही नवी कीड काळपट असून मुख्यतः फुलांत दडते. परंतु बुरशीवर जगणारे निरुपद्रवी फुलकिडेही बहुधा काळपटच असतात. केवळ रंग पाहून फवारणी केली, तर पैसा वाया जातो, निरुपद्रवी जीव मरतात आणि खरी कीड मोकळीच राहू शकते. अचूक ओळख ही म्हणूनच शेतीची गरज आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार नवी जाती शोधणाऱ्याने तिची माहिती अधिकृत भांडारास कळवून नमुने तेथे जमा करावयाचे असतात. प्राण्यांच्या बाबतीत ही जबाबदारी १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुणे येथे आहे. त्याच अधिनियमान्वये स्थानिक संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असून, गावाची लोक जैवविविधता नोंदवही हे त्यांचे मुख्य काम आहे. या नोंदवहीत वृक्ष, पक्षी व पिके यांना जागा मिळते. पालापाचोळ्यातील जीव मात्र सहसा वगळले जातात.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह एखादी वाळकी फांदी पांढऱ्या कागदावर झटकून भिंगाखाली पाहावी. पंचायत सदस्यांनी गावातील पाला सरसकट जाळला जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. ज्या पाल्याला आपण काडी लावतो, त्यात अद्याप नावही न मिळालेला एखादा जीव असू शकतो. त्याची नोंद होण्यापूर्वीच त्याची राख होऊ नये, एवढी काळजी घेणे प्रत्येक गावाला शक्य आहे.