ॲसिडची बाटली आणि पाण्याची बादली

शाळा किंवा कचेरी स्वच्छ आहे की नाही, हे ठरविण्याची आपल्याकडील रूढ कसोटी नाकाची आहे. व्हरांड्यात पाऊल टाकताच फिनेलचा उग्र दर्प आला, की तपासणीस आलेला अधिकारी समाधान पावतो आणि पालकही निश्चिंत होतात. घरोघरीही हाच दर्प स्वच्छतेची खूण मानला जाऊ लागला आहे. वस्तुतः स्वच्छ जागेला कसलाच वास नसतो. जो दर्प येतो तो घाणीवर ओतलेल्या रसायनाचा. ते रसायन मुलांच्या श्वासात, सफाई करणाऱ्याच्या हातांवर आणि अखेरीस जमिनीत व पाण्यात उतरते, याचा विचार क्वचितच होतो.

बुलढाणा जिल्ह्यात या प्रश्नाला पाण्याची बाजू आहे. घाटाखालचे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील बराच भाग पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात मोडतो. तेथील भूजल खारट आणि दुष्फेन, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारे. घाटावरच्या अनेक गावांना उन्हाळ्यात टंचाई जाणवते आणि टँकरची वाट पाहावी लागते. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार फरशीवर आणि शौचकूपाच्या भांड्यावर थरावर थर बसतात. जेथे पाणीच अपुरे, तेथे रोजची धुलाई टळते आणि घाण वाळून घट्ट होते. दोन्हींचा शेवट एकच होतो. काही आठवड्यांनी कोणीतरी ॲसिडची बाटली आणतो. उन्हाळ्याच्या सुटीत बंद पडलेली शाळेची स्वच्छतागृहे जूनअखेर उघडताना तर तिच्याशिवाय दुसरा उपाय कोणाला सुचत नाही.

महागात पडणारी स्वस्ताई

हे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. क्षारांचा पांढरा थर ते पाहता पाहता विरघळविते, म्हणून गुणकारी वाटते. परंतु दोन फरशांमधील सिमेंटही चुन्यापासूनच बनलेले असते. आम्ल तेही खाते. सांधे पोकळ होतात, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढचा थर अधिक लवकर धरतो. म्हणजे ॲसिड आपली गरज आपणच वाढवीत असते. त्याच्या वाफा नाक, घसा आणि फुप्फुसे यांना झोंबतात. दम्याच्या मुलाला त्या विशेष बाधतात. शोषखड्ड्यातील मैल्याचे विघटन जिवाणू करतात. फिनेल आणि ॲसिड वारंवार ओतल्यास ते जिवाणूच मरतात व खड्डा तुंबू लागतो.

याहून घातक आहे ते मिश्रण. ग्रामपंचायतीने विहिरीसाठी आणलेली टीसीएल, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, शौचालयातही शिंपडली जाते. तिच्यावर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने सोडलेला वायू तो हाच. दार लावलेल्या, खिडकी नसलेल्या लहानशा खोलीत तो कोंडला, तर सफाई करणाऱ्याला बाहेर पडण्याचेही त्राण उरत नाही. मुताऱ्यांत टाकल्या जाणाऱ्या डांबरगोळ्या पुष्कळदा नॅफ्थॅलीनच्या असतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या मुलाने अशी गोळी तोंडात घातल्यास त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून प्राणांवर बेतू शकते. पांढऱ्या गोळीचे आणि गोळ्या-चॉकलेटांचे साम्य लहान मुलाच्या नजरेला पुरेसे असते. फिनेल किंवा ॲसिड पाण्याच्या अथवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची पद्धतही अशीच जीवघेणी आहे.

ॲसिडच्या बाबतीत कायदा मुका नाही. ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भातील ‘लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने नोंदवही ठेवावी, ग्राहकाचे ओळखपत्र पाहावे आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीस ॲसिड विकू नये, असा तो आदेश आहे. ज्या शिक्षणसंस्थांना ॲसिड ठेवावे लागते, त्यांनी वापराची नोंद ठेवावी आणि साठ्यासाठी एका व्यक्तीस जबाबदार धरावे, हेही त्यात सांगितले आहे. प्रयोगशाळेतील ॲसिड कुलपात आणि स्वच्छतागृहातील ॲसिड दाराआड, हा प्रकार या आदेशाशी सुसंगत म्हणता येणार नाही.

लोणारच्या तळ्याची साक्ष

सौम्य क्षारांनी स्वच्छता करण्याची विद्या या जिल्ह्याला नवीन नाही. लोणार सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी असून त्याचा सामू सुमारे १० आहे. मेहकरच्या परिसरात काच आणि साबण बनविण्याची सामग्री मिळते, असा उल्लेख सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त केला आहे. त्या काठावर निघणाऱ्या खारात मुख्य भाग सोड्याचा, म्हणजे आज किराणा दुकानात मिळणाऱ्या धुण्याच्या सोड्याचाच. हा सोडा पाण्यातील कॅल्शियमला साक्याच्या रूपाने बाजूला काढतो आणि मग साबणाला फेस येतो. खारपाण पट्ट्यातील गृहिणीला म्हणूनच तो आजही उपयोगी आहे.

त्याच सरोवराकडे गावाचे सांडपाणी वाहत गेले आणि हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोहोचला. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या सरोवरातून बाहेर वाहणारा ओढा नाही. जे आत जाते ते आतच राहते. मोरीत ओतलेले रसायन ‘गेले’ असे म्हणताना हे ध्यानात ठेवावे.

जुने ते सर्व निर्दोष, असा याचा अर्थ नव्हे. राख, चिंच, रिठा, शिकेकाई यांनी भांडी, कपडे व केस उत्तम निघतात. परंतु शेणाने सारवलेली जमीन जंतुविरहित होते, ही समजूत खरी नाही. लिंबाच्या आंबटपणानेही रोगजंतूंचा भरवशाने नाश होत नाही. पटकी, अतिसार यांची साथ असताना अथवा उलटी-विष्ठा सांडली असताना ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात, एकटी आणि उघड्या जागी वापरलीच पाहिजे. पिण्याच्या पाण्यातील क्लोरीनने तर असंख्य प्राण वाचविले आहेत. प्रश्न आहे तो रोजच्या झाडलोटीला साथीचे औषध लावण्याचा. रोजच्या फरशीला साबण, पाणी आणि घासणी पुरेशी असते; साबण तेलकट मळ सोडवितो आणि त्या मळाबरोबर जंतूही वाहून जातात.

करता येण्याजोगे

चिकट फरशीला गरम पाण्यात थोडा धुण्याचा सोडा. क्षारांच्या थराला लिंबूफूल या नावाने मिळणारे सायट्रिक ॲसिड पाण्यात विरघळवून रात्रभर, आणि सकाळी ब्रशने घासणे. मुतारीत डांबरगोळीऐवजी दिवसातून दोनदा पाणी. हायड्रोक्लोरिक आम्ल जे काम क्षणात करते, ते लिंबूफूल सावकाश करते, इतकाच फरक. सोड्यानेही कातडी कोरडी पडते, तेव्हा हातमोजे हवेतच. विज्ञानाच्या शिक्षकाला यात एक पाठही सापडेल. हळदीचा कागद साबणाच्या आणि सोड्याच्या पाण्यात लाल होतो, लिंबूफुलाच्या पाण्यात पिवळाच राहतो. आम्ल आणि अल्क यांचा धडा मुले मग विसरणार नाहीत.

मात्र या सर्वांचे मूळ पाण्यात आहे. सर्व सरकारी शाळांत स्वच्छतागृहे बांधण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. खोली बांधणे एका वर्षाचे काम असते, तिच्यात रोज पाणी पोहोचविणे हे कायमचे. स्वच्छतागृहाजवळ भरलेली टाकी असेल आणि रोज एक बादली पाणी पडत असेल, तर ॲसिडची पाळीच येत नाही. शिक्षण हक्क कायद्यान्वये नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीने सादिल खर्चातून प्रथम पाणी, ब्रश व हातमोजे घ्यावेत, ॲसिडची खरेदी बंद करावी, प्रत्येक बाटलीवर मराठीत नाव लिहावे आणि सफाई शाळा सुटल्यावर, दारे-खिडक्या उघडून करवून घ्यावी. अनेक प्राथमिक शाळांत शिपाई नाही. तेथे हे काम कोण करतो आणि कशाने करतो, हे जिल्हा परिषदेने विचारलेच पाहिजे. मुलांच्या हाती ॲसिड तर कदापि जाऊ नये.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव हाती खराटा घेतला. राज्य शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालविले. त्या खराट्यामागे श्रम होते आणि सातत्य होते. जे श्रम रोज करावयाचे, ते महिन्यातून एकदा विकतच्या विषावर सोपविण्याची सवय शाळांनी आणि घरांनी आता सोडावी.