खुणा आणि पुरावा: विकास प्रकल्पातला घोटाळा कसा वाचायचा?

पीएचडीसाठी ‘विकास प्रकल्पांतला भ्रष्टाचार’ असा विषय घ्यायचं मनात असेल, तर आधी एक ठरवा: तुम्ही भ्रष्टाचार शोधणार आहात की त्याच्या खुणा? सेवाग्राममध्ये बसून मी आरोग्य प्रकल्पांची कागदपत्रं वाचतो. नवे विद्यार्थी नेमके याच ठिकाणी घसरतात.

भारतातलंच उदाहरण घ्या. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या प्रजनन व बालआरोग्य प्रकल्पाच्या औषधखरेदीत गैरप्रकार झाल्याचं 2005 मध्ये चौकशीत आढळलं. मग बँकेने आणखी पाच आरोग्य प्रकल्प तपासायला घेतले: मलेरिया, क्षयरोग, एचआयव्ही-एड्स, अन्न व औषध तपासणी यंत्रणा आणि ओडिशातली सरकारी रुग्णालयं. पाचही मिळून सुमारे 56.9 कोटी डॉलर. अहवाल जानेवारी 2008 मध्ये जाहीर झाला. मलेरिया प्रकल्पात महाराष्ट्रातला आदिवासी भागही होता, म्हणजे गोष्ट फार लांबची नाही.

अशा तपासात लाच घेताना कुणी सापडत नाही. सापडतात ते कागद. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या निविदा, पण तिन्हींत स्पेलिंगची तीच चूक. बयाणा रकमेचे डिमांड ड्राफ्ट ओळीने एकाच क्रमांकमालिकेतले. हरलेल्यांचे दर जिंकलेल्यापेक्षा प्रत्येक वस्तूत बरोब्बर तेवढ्याच टक्क्यांनी जास्त. या झाल्या खुणा.

आता खरं काम. प्रत्येक खुणेसाठी एक निर्दोष कारण स्वतःच शोधा. तीच चूक तिन्हीकडे का? कदाचित मूळ निविदा-नमुन्यातच ती असेल आणि सगळ्यांनी तशीच उतरवली असेल. मग नमुना काढून बघा. ड्राफ्ट ओळीने का? शेवटच्या दिवशी सगळे जवळच्या एकाच बँकेत गेले असतील. मग तारखा बघा, खाती कुणाची ते बघा. दर मात्र सगळ्या वस्तूंत सारख्याच प्रमाणात चढलेले असतील, तर योगायोग म्हणणं जड जातं. कारणं एकेक करून गळत गेली की संशयाला वजन येतं. नुसत्या खुणा मोजून येत नाही.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष जागेवर जाणं. ओडिशात तपासणाऱ्यांनी 55 रुग्णालयं पाहिली. त्यांतल्या 93 टक्के ठिकाणी काम अर्धवट, छत गळतंय, पाणी किंवा वीज बंद असं काही ना काही निघालं. फायलीत मात्र काम पूर्ण झाल्याचे दाखले होते. पण इथेही घाई नको. गळकं छत हे निकृष्ट बांधकामही असेल किंवा नंतर देखभाल न झाल्याचा परिणामही. इमारत ताब्यात कधी दिली, दुरुस्तीवर काय खर्च झाला, हे पाहिल्याशिवाय ‘घोटाळा’ हा शब्द लिहू नका.

बँकेचा अहवालही बहुतेक ठिकाणी ‘निर्देशक’ म्हणतो, गुन्हा सिद्ध झाला असं म्हणत नाही. कंपनीला काळ्या यादीत टाकायला बँकेला ‘असं घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढं पुरतं. आपल्या फौजदारी न्यायालयात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावं लागतं. प्रबंधात या दोन कसोट्यांची सरमिसळ झाली, तर एखाद्याचं नाव विनाकारण बदनाम होतं किंवा खरा घोटाळा ‘सिद्ध झाला नाही’ म्हणून सुटतो.

एक प्रश्न फार कमी जण विचारतात: त्या कार्यालयात ‘नाही’ म्हणू शकणारा कुणी होता का? वर्ध्याच्या मगनवाडीतून ग्रामोद्योगाचं काम करणारे जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये तयार झालेले हिशेबनीस. 1934 च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजींच्या मुक्कामाचा खर्च त्या निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला, आणि गांधीजींनी तो मान्य केला. फायलीत असा नकार, एखादा विरोधी शेरा कुठे दिसतो का ते बघा. शेरा लिहिणाऱ्याची पुढे बदली कुठे झाली, तेही.

माहिती अधिकारात अर्ज करताना फक्त मंजूर निविदा मागू नका. तुलनात्मक तक्ता, मोजमाप पुस्तिका आणि हरलेल्या सगळ्या निविदाही मागा. व्यापारी गुपित म्हणून नकार आला, तर कंत्राट देऊन झालंय हा मुद्दा घेऊन अपील करा. संगनमताच्या खुणा बहुतेक वेळा हरलेल्यांच्या लिफाफ्यातच असतात.