वीज जात होती तोवर सगळं ठीक

मालवणातल्या एका ग्रंथालयासाठी मी पायथनमध्ये छोटा शोध-प्रोग्राम लिहिला होता. जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ दर अर्ध्या तासाने धुंडाळायच्या, नव्या सापडतील त्यांतला मजकूर काढायचा आणि शब्दसूचीत घालायचा, वाचकाने ब्राउझरमधून शब्द टाकला की तो शोधून द्यायचा, एवढंच त्याचं काम. अख्खा पावसाळा तो बिनबोभाट चालला. दिवाळी झाली आणि दर चौथ्या दिवशी बंद पडायला लागला.

प्रोग्रामने फाइल उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम त्याच्या नावावर एक नोंद करते आणि नोंदीचा क्रमांक त्याच्या हाती देते. हेच फाइल हँडल. ग्रंथालयातल्या देवघेवीसारखंच आहे हे: पुस्तक वाचून झालं म्हणून नावावरची नोंद जात नाही, ते परत करावं लागतं. एका प्रोग्रामच्या नावावर किती नोंदी राहाव्यात यालाही मर्यादा असते. लिनक्सवर ती सहसा १०२४ असते. ती भरली की 'टू मेनी ओपन फाइल्स' असा संदेश येतो.

हा संदेश फसवा आहे, कारण नोंदवही भरल्यावर जो पहिला दारात येतो त्यालाच तो मिळतो. ब्राउझरमधून येणारी जोडणीसुद्धा एक हँडल घेते. त्यामुळे आमच्याकडे वाचकाने शब्द टाकला की शोध अडायचा, आणि मी दोन दिवस शोधाचाच कोड तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच.

मग 'प्रॉक' फोल्डरमध्ये गेलो. तिथे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो आणि त्यात 'एफडी' नावाचा उपफोल्डर, उघडी हँडल दाखवणारा. नुसता आकडा पाहून काही कळत नाही, तो वेळेबरोबर कसा बदलतो ते पाहायचं. सकाळी ४० होती, अर्ध्या तासाने ४६, मग ५२. 'एलएसओएफ' ही आज्ञा देऊन नावं पाहिली तर त्याच सहा पीडीएफ पुन्हा पुन्हा! स्कॅन करताना बिघडलेल्या. मजकूर निघेना म्हणून प्रोग्राम त्यांना 'पुन्हा बघू'च्या यादीत टाकायचा, पण उघड्याच. फाइल बंद करण्याची ओळ होती, पण मजकूर नीट निघाला तरच प्रोग्राम तिथवर पोचायचा.

दर फेरीला सहा, दिवसाच्या ४८ फेऱ्या, म्हणजे २८८. चौथ्या दिवशी १०२४ भरणारच. पावसाळ्यात मात्र मालवणात वीज चार दिवस सलग राहते कुठे? वीज गेली, मशीन बंद झालं की नावावरच्या सगळ्या नोंदी आपोआप पुसल्या जायच्या. दुखणं जूनपासूनच होतं.

मर्यादा वाढवा, असा सल्ला हमखास मिळतो. त्याने फक्त चौथा दिवस चाळिसावर जातो. खरा उपाय म्हणजे फाइल पायथनच्या 'विथ' रचनेत उघडणं: काम फत्ते होवो वा अर्ध्यावर फसो, बाहेर पडताना ती बंद होतेच. आणि यादीत उघडी फाइल ठेवायची नाही, फक्त तिचं नाव ठेवायचं. विंडोजवर हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. फाइल हलवायला वा पुसायला गेलात तर ती वापरात असल्याचं सांगून अडवलं जातं.

दुरुस्तीनंतर महिनाभर आकडा चाळिशीतच आहे. त्या सहा पीडीएफ तेवढ्या नव्याने स्कॅन करायच्या राहिल्यात.