बंदुकीची नळी आणि किटलीभर पाणी
विलायतेंत ली-एन्फील्ड ही ·३०३ ची जुनी लष्करी बंदूक परवान्यानें घरीं बाळगणारे नेमबाज आजहि आहेत. त्यांचा कारखाना म्हणजे स्वयंपाकघराचा कोपरा. हत्यारें किटली, नरसाळें व दोरी. जुन्या काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडतांच त्याचा क्षार नळींत बसतो, हवेंतील ओल ओढतो आणि पोलाद गंजवितो. पुष्कळजण नुसतें तेल चोळून निश्चिंत होतात. परंतु हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो! म्हणून रिकाम्या बंदुकीचा बोल्ट काढून मागील बाजूनें उकळतें पाणी ओतावें. तापलेली नळी लवकर सुकते, मग तेलाचें फडकें दोरीनें ओढावें. बोल्ट मात्र आंकडा जुळवून त्याच बंदुकीचा बसवावा. दुसरा बसविणें हें मापकें बाळगणाऱ्या कारागिराचें काम. अक्रोडी दस्त्यास जवसाचें तेल पुरे. वार्निशाचा सोस कशाला?